डोक्यातल्या दगडाची हकीकत

उर्दूत एक मुहावरा आहे, अक्ल पर पत्थर पडना. मराठीत त्याचा सख्खा भाऊ म्हणजे 'डोक्यात दगड भरलेत का?' आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो. शिक्षकांच्या खोलीत दक्खिनी बोलतो, तालुक्याच्या कचेरीत मराठी. त्यामुळे दोन्ही भाषांतले दगड आमच्या जिभेवर तयारच असतात. बी.एड.च्या परीक्षेत विद्यार्थ्याचा वर्गात पाणउतारा का करू नये, यावर आम्ही चांगली दोन पाने लिहिली होती. गुणही बरे पडले होते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दहावीच्या वर्गात खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर एक मुलगा बसायचा. भूमितीचा तास सुरू झाला की तळहात कपाळावर दाबून धरायचा. विचारले तर म्हणायचा, "सर, सिर दुखरा." प्रमेय विचारले की उभा राहायचा आणि गप्प. एकदा आमचा संयम सुटला. आम्ही म्हणालो, "दिमाग में पत्थर भर के आया है क्या?" वर्ग हसला. तोही हसला. त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित पुढे आल्यासारखा दिसत होता. ते आम्हाला नंतर आठवले. त्या वेळी फक्त दिसले होते.

दीड-दोन महिन्यांनी त्याची अम्मी शाळेत आली. हातात मोठा पिवळा लिफाफा, त्यात स्कॅनची फिल्म. म्हणाली, "सर, रजा मंगती उसके वास्ते. डॉक्टर बोले, सिर में हड्डी की रसौली है. पत्थर के जैसी." आम्ही वर्गात काय बोललो होतो हे तिला ठाऊक नव्हते. मुलाला होते. तो तिच्या मागे उभा राहून फरशीकडे पाहत होता.

फिल्म उजेडात धरली. कवटीची पांढरी कड, मधे मेंदूची करडी सावली, आणि भुवईच्या वरच्या बाजूला, कपाळाच्या हाडातल्या पोकळीतून आत शिरलेला एक चुन्यासारखा पांढराशुभ्र गोळा. हाडाहूनही पांढरा. अम्मीने तोच प्रश्न विचारला जो कोणतीही आई विचारील, "सरतान तो नहीं ना?" डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितले होते. रसौली वेगळी आणि सरतान वेगळा. (सरतान म्हणजे अरबीत खेकडा. मराठीतल्या कर्करोगातला कर्कही खेकडाच. या आजाराच्या बाबतीत दोन्ही भाषांनी एकच प्राणी धरला आहे.) ही गाठ साधी. ती शरीरात दुसरीकडे पसरत नाही, आजूबाजूच्या मांसात मुळे सोडत नाही, वर्षाला जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर वाढते. पण कवटी ही चारी बाजूंनी बंद खोली आहे. त्या खोलीत पाहुणा कितीही साधा असला तरी जागा तर अडवणारच. डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारल्याचे अम्मीने सांगितले. घराण्यात कोणाला आतड्याचा आजार होता का? दुखते कपाळ आणि हे विचारतात पोटाचे! तिला कळले नाही, आम्हालाही कळले नाही.

त्यानंतर आम्ही या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. इल्मची हौस म्हणून वाचले असे म्हणायला आवडले असते, पण खरे कारण शरम होती. वाचता वाचता एक जुना इतिहास हाती लागला, तोच येथे मांडत आहोत.

सुरुवात आपल्या ओळखीच्या माणसापासून करू. अंदलुसमध्ये, कुर्तुब्याजवळच्या मदीनतुज्जहरा या शहराच्या नावावरून ज्यांना जहरावी म्हणतात, ते अबुल कासिम. त्यांचे निधन १०१३ च्या सुमारास झाले. 'अत्-तस्रीफ' हा त्यांचा ग्रंथ तीस मकाल्यांचा, आणि शेवटचा मकाला शस्त्रक्रियेचा. त्यात हत्यारांची चित्रे आहेत हे आपल्या शाळांतल्या 'मुस्लिम शास्त्रज्ञ' तक्त्यांमुळे पुष्कळांना माहीत असते. तक्ता भिंतीवर लावून आपण मोकळे होतो, मकाला कोण वाचतो? त्याच मकाल्यात डोक्याच्या कातडीखालच्या गाठींवर एक प्रकरण आहे. त्यात त्यांनी एका म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावरची गाठ कापल्याची हकीकत दिली आहे. गाठ निघाली ती कठीण दगडासारखी, खरबरीत, पांढरी, फोडून न फुटणारी. कोणाला फेकून मारली असती तर जखम झाली असती, असेही ते नोंदवतात. चुना साठून घट्ट झालेली जुनी गाठ असण्याचाही संभव आहे, हाडाची असण्याचाही आहे. ते काहीही असो, आम्हाला महत्त्वाची वाटली ती लिहिण्याची रीत. बाई मूर्ख होती, वेडी होती, तिच्यावर कशाचा साया होता, यातले एक अक्षर नाही. रंग, कठीणपणा, पृष्ठभाग, एवढेच. आमच्या नववीच्या मुलांना पदार्थाचे गुणधर्म लिहायला सांगतो, तसे.

पण ही गाठ कवटीच्या बाहेरची. आतली कोणी पाहिलेली नव्हती, कारण जिवंत माणसाच्या कवटीच्या आत पाहण्याची सोयच नव्हती. जेथे पाहता येत नाही तेथे लोक काय काय भरतात, याची साक्ष जहरावींच्याही आधीच्या एका हकीमाने दिली आहे. रै शहरातले अबू बक्र राजी, ज्यांचे निधन ९२५ च्या सुमारास झाले. रैचा हाकिम मन्सूर इब्न इसहाक याच्यासाठी त्यांनी 'किताबुल मन्सूरी' लिहिली. तिच्यात भोंदू वैद्यांच्या लबाड्यांवर मजकूर आहे. मिरगीच्या रोग्याच्या डोक्याला हे लोक फुलीच्या आकाराचा छेद देतात आणि आतून काहीतरी काढल्याचे दाखवतात. ते 'काहीतरी' आधीपासून त्यांच्या मुठीत दडवलेले असते. कोणी नाकातून साप काढतो, कोणी दातातून किडे, कोणी जिभेखालून बेडूक. आम्ही हे वाचले तेव्हा आमच्या लहानपणी उरुसाच्या जत्रेत कानातून खडे काढून दाखवणारा एक माणूस यायचा, तो आठवला. खडा हातावर ठेवून म्हणायचा, देखो, इतने दिन से यह था. आमच्या शेजारच्या खालांनी त्याला दोन रुपये दिले होते, आणि त्यांना ऐकूही जास्त येऊ लागले होते, निदान मगरिबपर्यंत.

राजींची ही किताब बाराव्या शतकात स्पेनमधल्या तुलैतुला, म्हणजे तोलेदो शहरात जेरार्ड नावाच्या विद्वानाने लॅटिनमध्ये नेली आणि पुढे कित्येक शतके युरोपातल्या विद्यापीठांत ती शिकवली गेली. पण भोंदूंनी धंदा काही सोडला नाही, आणि लोकांनी कल्पनाही सोडली नाही. नेदरलँड्सच्या बाजूला तर डोक्यात दगड असणे म्हणजे मूर्ख असणे असा बोलण्यातला प्रयोगच होता, अगदी आपल्यासारखा. १५०० च्या आसपास हिएरोनिमस बॉश या चित्रकाराने त्यावर एक चित्र काढले. ते आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. उघड्या माळावर एक जाडा माणूस खुर्चीला टेकला आहे आणि एक 'वैद्य' त्याचे डोके कापतो आहे. वैद्याच्या डोक्यावर टोपीऐवजी उलटे नरसाळे. जवळ एक पाद्री, आणि डोक्यावर पुस्तक ठेवून बसलेली एक बाई. कापलेल्या डोक्यातून निघते आहे ते मात्र फूल. दगड नाहीच! चित्रकार कोणाला हसतो आहे हे कळायला फार हुशारी लागत नाही. अशी शस्त्रक्रिया खरोखर होत असे की ती नाटक-तमाशातली थट्टा होती, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण पुढे शे-दीडशे वर्षे चित्रकार हा प्रसंग रंगवत राहिले. डोक्यातला दगड म्हणजे मूर्खपणा, हे सर्वांना न सांगता समजत होते.

आता गंमत पाहा. हीच कल्पना विद्वानांच्या दरबारात दुसऱ्या दाराने आली, आणि तेथे ती थट्टा नव्हती.

सतराव्या शतकात डेन्मार्कच्या थॉमस बार्थोलिन या नामांकित शरीरशास्त्रज्ञाच्या लिखाणात दगड झालेल्या बैलाच्या मेंदूची नोंद येते. मग १७०३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे द्युव्हर्ने नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने तसाच एक मेंदू ठेवला. बैलाच्या कवटीतून निघालेला, गारगोटीसारखा कठीण, वर मेंदूसारख्याच वळ्या. आणि सोबतची हकीकत अशी की बैल चांगला धष्टपुष्ट होता, इतका की कापायच्या वेळी तो पुन्हा पुन्हा कसायाच्या हातून निसटून पळाला होता.

त्या काळच्या विद्वानांची काय अवस्था झाली असेल! मेंदूतून सूक्ष्म चैतन्य नसांवाटे हातापायांत वाहते, त्यामुळे प्राणी हलतो, असे तेव्हा मानत. आता हा बैल मेंदूचा दगड होऊनही धावतो कसा? मग मेंदू लागतोच कशाला? काहींनी यातून आत्म्याच्या जागेविषयी मोठमोठे निष्कर्ष काढले. आमच्या मते तेथे एका चांगल्या खाटकाला बोलवायला हवे होते. आमच्या गावात मुंडी-पायाचे दुकान चालवणारे एक चाचा आहेत. चाळीस वर्षे ते रोज कवट्या फोडत आले आहेत. त्यांना आम्ही हा किस्सा सांगितला. ते क्षणभरही न थांबता म्हणाले, "भेजा बाजू में दबेला होगा. बराबर देखे नहीं वो लोग."

चाचांनी जे सांगितले ते सिद्ध करायला एक पुस्तक लिहावे लागले. लिहिणाऱ्याचे नाव अंतोनिओ वाल्लिस्नेरी. इटलीतल्या पदुआ विद्यापीठात वैद्यकाचा प्राध्यापक, सूक्ष्मदर्शकाने केशवाहिन्या पाहणाऱ्या माल्पिगीचा शिष्य. पदुआ ही जागा लक्षात ठेवण्यासारखी आहे. गॅलिलिओने अठरा वर्षे तेथेच शिकवले. ज्याने मानवी शरीर स्वतः फाडून पाहण्याची शिस्त घातली तो वेसालियसही तेथलाच, आणि त्याच वेसालियसने तरुणपणी, १५३७ मध्ये, आपल्या राजींच्या 'मन्सूरी'च्या नवव्या भागावर पुस्तक छापले होते. म्हणजे ज्या किताबीत डोक्यातून खोटी वस्तू काढणाऱ्यांचे बिंग फोडले होते, ती किताब या लोकांच्या मेजावर होती.

वाल्लिस्नेरीचे पुस्तक १७१० मध्ये पदुआत छापले गेले. 'दगड झाला असे मानलेल्या' बैलाच्या मेंदूविषयी विचार आणि अनुभव, अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. 'मानलेल्या' या एका शब्दात त्याने निकाल देऊन टाकला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. हा मेंदू नव्हेच. ही कवटीच्या हाडातून आत वाढलेली हाडाची गाठ आहे, तिचा वरचा आकार मेंदूसारखा भासतो एवढेच. मेंदूचा दगड झालेला नाही, मेंदू तिच्या बाजूला होता आणि त्याचे काम चालू होते. म्हणून तर बैल पळत होता. एकोणिसाव्या शतकातल्या रोगशास्त्रज्ञांनी वाल्लिस्नेरीचीच बाजू खरी धरली. इंग्लंडच्या जेम्स पॅजेटने १८५३ मध्ये छापलेल्या आपल्या व्याख्यानांत बैलांच्या कवटीतले हे गोळे हाडांच्या गाठींच्या रांगेत नेऊन बसवले, आणि जर्मनीत फिर्खोने गाठींवरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात हाडाच्या गाठींना सविस्तर जागा दिली.

आम्ही येथे थोडे थांबलो, कारण वाल्लिस्नेरीच्या विरोधात असलेले लोक अडाणी नव्हते. ते अकादमीचे सभासद होते. त्यांनी वस्तू हातात घेतली, तोलली, वळ्या मोजल्या आणि तरीही त्यांना मेंदूच दिसला, कारण डोक्यात दगड ही कल्पना त्यांच्या डोळ्यांच्या आधी तेथे पोचली होती. आम्हालाही एक डोळा पुढे आलेला दिसला होताच की.

वाल्लिस्नेरीच्या पुस्तकानंतर वर्षभराने, १७११ मध्ये, पदुआत मोर्गान्यी हा तरुण प्राध्यापक आला. त्याने १७१९ मध्ये एका मयत स्त्रीच्या कपाळाच्या हाडाची आतली बाजू जाड आणि उंचसखल झाल्याचे नोंदवले. ही गाठ नव्हे, गाठीची शेजारीण. उतारवयातल्या बायकांत ती आजही स्कॅनमध्ये सर्रास दिसते आणि बहुतेकींना तिचा काही त्रास नसतो. मोर्गान्यीचा मोठा ग्रंथ १७६१ मध्ये आला तेव्हा तो ७९ वर्षांचा होता. रोग शरीरात कोठे बसला आहे हे मेल्यानंतर उघडून पाहायचे आणि जिवंतपणीच्या तक्रारीशी जोडायचे, हा त्याचा धडा. पण त्यात एक अडचण होती. रोग्याला त्याचा काही उपयोग नव्हता!

जिवंत माणसाच्या डोक्यातली ही गाठ काढणे पुढचे शंभर वर्षे जवळजवळ अशक्यच राहिले. या गाठींचा एक प्रकार हस्तिदंतासारखा असतो, गुळगुळीत, घट्ट. करवत त्यावर घसरते, छिन्नीची धार जाते. भूल नव्हती तेव्हा रोग्याला धरून ठेवायचे आणि सर्जनने घाम गाळायचा. १८३६ मध्ये लंडनच्या गायज हॉस्पिटलच्या अहवालात जॉन हिल्टन या सर्जनने एक विलक्षण प्रकरण छापले. एका माणसाच्या चेहऱ्याच्या हाडातली अशी गाठ वर्षानुवर्षे वाढत गेली, शेवटी भोवतालची जागा सडली आणि गाठ आपोआप गळून पडली. वजन पंधरा औंसांच्या जवळपास, म्हणजे चारशे ग्रॅमहून अधिक. सर्जनने काही केले नाही, हाडानेच हाड सोडले. माणूस वाचला, चेहऱ्यात पोकळी राहिली.

भूल आली, लिस्टरची जंतुनाशक पद्धत आली, आणि १८७९ मध्ये ग्लासगोत विल्यम मॅक्ईवनने एका किशोरवयीन मुलीच्या कपाळाखालची गाठ कवटी उघडून काढली. ती मेंदूच्या आवरणाची गाठ होती, तिच्यावरचे हाड जाड झाले होते. मुलगी पुढे काही वर्षे जगली. हे क्ष-किरणांच्या आधी! फक्त लक्षणांवरून गाठ कोठे असेल याचा अंदाज बांधून.

या आवरणाविषयी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. डॉक्टर त्याला ड्युरा मेटर म्हणतात. मेटर म्हणजे आई. मेंदूच्या आवरणाला आई का म्हणावे? दहाव्या शतकात अली इब्न अब्बास मजूसींनी आपल्या 'किताबुल मलिकी'त या आवरणांसाठी अरबीतला 'उम्म' हा शब्द वापरला. अरबीत एखाद्या वस्तूला धरून असणाऱ्या, वेढणाऱ्या वस्तूला सहज उम्म म्हणतात. बाराव्या शतकात, ११२७ च्या सुमारास, अंताकियातल्या स्टीफन नावाच्या अनुवादकाने त्याचे शब्दशः लॅटिन केले आणि 'कठीण आई' सगळ्या जगाच्या वैद्यकात जाऊन बसली. आमच्या गावच्या दवाखान्यातले एम.बी.बी.एस. डॉक्टरही दिवसातून चार वेळा तो शब्द उच्चारतात. आम्ही त्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अरे, हे आम्हाला कोणी शिकवलेच नाही."

ही आई नुसती चादर नाही. तिचा बाहेरचा थर कवटीच्या आतल्या बाजूला चिकटून हाडाच्या आवरणाचे काम करतो, म्हणजे हाड घडवण्याची कुवत तिच्या अंगात असते. म्हणून फारच क्वचित असे होते की कवटीशी काही संबंध नसलेली हाडाची गाठ थेट या आवरणातून उगवते, मेंदूच्या बाजूला. स्कॅनमध्ये कवटी आणि गाठ यांच्यामध्ये एक बारीक काळी रेघ दिसते. ती रेघ म्हणजे ही आई. पुष्कळांना डोकेदुखीशिवाय काही होत नाही. काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर साधे, नीट थर असलेले हाड दिसते. चुकीच्या घरात जन्मलेले, पण हाड चांगले.

क्ष-किरणांनी चित्र पालटले. नोव्हेंबर १८९५ मध्ये रॉन्टगेनने ते शोधले आणि थोड्याच वर्षांत डोक्याच्या फिल्म निघू लागल्या. हाड जितके घट्ट तितके पांढरे, त्यामुळे कपाळाच्या पोकळीतल्या या गाठी फिल्मवर दिव्यासारख्या चमकू लागल्या. आणि कळले की ज्यांना दुर्मीळ समजत होते त्या तशा दुर्मीळ नाहीत. सर्दी, अपघात, दाढदुखी अशा भलत्याच कारणासाठी फिल्म काढावी आणि गाठ दिसावी. लोक ती घेऊन आयुष्यभर जगतात, हिशेब करतात, शेर पाठ करतात, नोकरीतून निवृत्त होतात. दुर्मीळ आहे ते तिचे पोकळीची भिंत फोडून कवटीच्या आत जाणे.

ते झाले की काय होते, हे अमेरिकेच्या हार्वी कुशिंग यांनी १९२७ मध्ये चार रुग्णांच्या हकीकतींतून सांगितले. गाठ पोकळीची मागची भिंत खाते, आवरणाला छिद्र पाडते. मग नाकाची वाट थेट मेंदूपर्यंत उघडते. शिंकले की हवा कवटीत शिरते. शेंबूड साठतो, जंतू वर चढतात आणि साध्या गाठीचा रोगी मेंदूज्वराने जाऊ शकतो. कुशिंग यांनी चेहऱ्याकडून ओढण्याऐवजी वरून, कवटी उघडून, आवरण आधी सांभाळून गाठ काढण्याचा मार्ग धरला. आजही मोठ्या गाठींसाठी वाट साधारण तीच, हत्यारे मात्र वेगळी. छिन्नीऐवजी फिरती ड्रिल. आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात हाउन्सफिल्डच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. तेव्हापासून गाठ किती आत आहे हे कापण्याआधी कळू लागले. आमच्या विद्यार्थ्याच्या लिफाफ्यातली फिल्म त्याच यंत्राच्या वंशजाची.

राहिला पोटाचा प्रश्न. त्याचे उत्तर एका वर्गात सापडले आणि आम्ही ते वाचून बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. अमेरिकेतल्या यूटा राज्यात एल्डन गार्डनर नावाचे आनुवंशिकतेचे प्राध्यापक होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ते वर्गात आनुवंशिक रोगांविषयी बोलत असता एका विद्यार्थ्याने सांगितले की आपल्या ओळखीच्या एका घराण्यात बरेच जण आतड्याच्या कर्करोगाने गेले आहेत. प्राध्यापकांनी ते कानाआड केले नाही. त्या घराण्याचा माग काढला, माणसांना तपासले आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला एकामागून एक निबंध छापले. त्या कुटुंबात आतड्यात शेकडो कोंब उगवत, ते पुढे बिघडत, आणि त्याच माणसांच्या कवटीवर, जबड्यात हाडाच्या साध्या गाठी असत. गाठ निरुपद्रवी, पण ती आतड्यातल्या धोक्याची खबर आधी देणारी. १९९१ मध्ये यामागचे जनुकही सापडले. म्हणून हाडाची गाठ दिसली की, विशेषतः त्या एकाहून अधिक असतील तर, डॉक्टर घराण्यातल्या आतड्याच्या आजाराची चौकशी करतात. एका विद्यार्थ्याने तासाला काहीतरी सांगितले आणि सरांनी ऐकले. आमच्याही तासाला एक जण सांगत होता, सिर दुखरा.

मुलाच्या घराण्यात तसे काही निघाले नाही, गाठही एकच होती. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नाकाचे आणि मेंदूचे असे दोघे सर्जन मिळून सकाळपासून दुपारपर्यंत उभे होते. तिसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो. डोक्याला एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पट्टी, दोन्ही डोळे सुजलेले. आम्ही वाटेत माफीचे दोन वाक्य जुळवले होते. आम्ही तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला, "सर, आप तो पहलेच बोले थे." अम्मी हसली. तिला तो विनोद वाटला. आम्ही बाहेर जाऊन केळी घेऊन आलो. जुळवलेली वाक्ये दुसऱ्या दिवशी, अम्मी नमाजला गेली तेव्हा, सांगितली. तो भिंतीकडे तोंड करून ऐकत होता. मग म्हणाला, "ठीक है सर," आणि भूमितीचे कोणते प्रकरण चालू आहे ते विचारले.

दोन महिन्यांनी तो शाळेत आला. डोळा जागेवर होता. केस वाढून व्रण झाकला होता. गाठ तपासणीला गेली होती, पण सर्जनने पट्टीशेजारी ठेवून काढलेला तिचा फोटो त्याने अब्बांच्या मोबाइलवर आणला होता. पांढरी, गोलसर, सोललेल्या सुपारीसारखी, पण सुपारीहून मोठी. पट्टीवर जेमतेम तीन सेंटिमीटर. मुले त्याच्याभोवती गोळा झाली. कोणी विचारले, वजन किती? त्याला ठाऊक नव्हते.

आम्ही खडू त्याच्या हातात दिला. घनफळाचे प्रकरण नुकतेच संपले होते. त्रिज्या दीड. गोलाचे सूत्र त्याने न अडखळता लिहिले, आकडेमोड करून चौदा घनसेंटिमीटरवर आला. घट्ट हाडाची घनता एक पूर्णांक नऊ धर, असे आम्ही मागून सांगितले. त्याने गुणले, खाली रेघ ओढली आणि सव्वीस पूर्णांक सहा लिहिले. खडू ठेवून तो वळला, थांबला, परत फळ्याकडे गेला आणि आकड्यापुढे 'ग्राम' लिहून जागेवर जाऊन बसला. शेवटच्या बाकावर नाही. ते बाक त्या दिवशी रिकामेच होते.